मेव्हण्याने बांधलेली परांची

मेव्हणा दारात उभा राहून "दाजी" म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझ्या लग्नात हा माणूस जेवायलासुद्धा थांबला नव्हता. आम्ही भातशेतीवाले, ते मासेमारीवाले. चर्च एकच, प्रार्थना एकच, पण मुलगी द्यायची म्हटली की कपाळाला आठ्या! बहीण शेतकऱ्याच्या घरी गेली म्हणून त्याने वर्षानुवर्षं आमचा उंबरठा ओलांडला नव्हता. आणि आज एकदम दाजी?

"चर्चला चुना लावायची पाळी यंदा तुमची ना?" तो म्हणाला. "परांची मी बांधतो."

ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या गावात रिवाजच होता तसा. सणाआधी चर्चची दर्शनी भिंत वरच्या क्रुसापर्यंत पांढरी करायची, आणि ज्या घराची पाळी त्याच घरातल्या माणसाने वर चढायचं. मजूर चालत नसे. आदल्या पाळीचा घरवाला शिडीवरून पडला तो खाटेलाच खिळला, आणि त्याची बायको मिठागरात मीठ ओढायला लागली. म्हणून मी शिडीला हात लावणार नव्हतो. मला परांचीच हवी होती, उभ्या-आडव्या वाशांची, वर पाय रोवायला फळ्या असलेली. पण ती याच्या हातची? मी पडलो तर घरात दुसरं कमावणारं होतं कोण?

मी "नको" म्हणणार, इतक्यात बायको आतून म्हणाली, "दादूस बांधेल. होड्यांच्या डोलकाठ्या उभ्या करणारा माणूस आहे तो." झालं! पुरुषाचं घरात चालतं असं ज्याला वाटतं, त्याने आमच्याकडे येऊन बघावं.

मोडक्या होडीच्या डोलकाठ्या आणि फळ्या त्याने आणल्या. माळ्यावरचे ऐनाचे वासे मी काढून दिले. आगगाडीने कल्याणला जाऊन काथ्याचा दोर मात्र मी स्वतः आणला, कारण दोर तरी माझ्या माहितीचा हवा. त्याने तो पाण्यात भिजत घातला, आणि वाशाला पाय लावून एकेक गाठ करकचून आवळली. मी भोवती फिरत होतो. तो मध्येच हसला.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुम्ही मांजरासारखे घिरट्या घालताय, दाजी."

पुन्हा दाजी! गोड बोलून गळा कापणारे मी थोडे पाहिलेत?

संध्याकाळी आम्ही परांचीची परीक्षा घेतली. मिठाच्या गोणी वरच्या फळ्यांवर चढवल्या आणि मी अंगातला सगळा जोर लावून वासे हलवले. परांची तसूभर हलली नाही. "झालं समाधान?" त्याने विचारलं. मी "बघू" म्हणालो. गोणी उतरवल्यावर हा म्हणतो, मी रात्री इथेच झोपतो, राखणीला. अरे, परांची काय कोण खिशात घालून नेणार होतं?

दुसऱ्या दिवशी ऊन नुसतं भाजत होतं. दुपारी कालवलेला चुना घेऊन मी गेलो आणि चढण्याआधी पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. गाठ हलली. दुसरी हलली. तिसरीत तर माझा अंगठा गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रात्रभर इथे तूच होतास!" मी त्याची मानगूट धरली. "बहिणीला विधवा करून परत न्यायची होय रे?"

"तोंड सांभाळा, दाजी!" त्यानेही माझा सदरा धरला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण ते रागाने की चोरी पकडली म्हणून, हे मला कळेना.

बायको मागून ब्रश घेऊन आली होती. आमच्याकडे न बघता तिने गाठी चाचपल्या. "दादूस, होडीवर बांधतोस तसं बांधलंस. ओला दोर ओढून. होडीवर दोर वाळतो कधी? इथे सकाळपासून उन्हात सुकला आणि पडला सैल."

त्याने एका हाताने दोर चोळून पाहिला. मला मात्र पटलं नाही. बहीण भावाची बाजू घेणारच! मी म्हणालो, "एवढा भरवसा आहे, तर चढू दे त्यालाच."

"त्याला कसं चालेल? पाळी आपल्या घराची. मी त्याच घरातली ना?"

तिने लुगड्याचा काष्टा आवळला, चुन्याचं मडकं उचललं आणि काय होतंय हे आम्हाला कळायच्या आत ती वरच्या फळीवर होती. परांची करकरली, एका अंगाला कलली. आम्ही दोघं एकमेकांना सोडून वाशांना बिलगलो.

"बाय, उतर! तुझ्या पाया पडतो, उतर!" तो रडत ओरडला. कललेल्या बाजूचा वासा त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता, हे मी पाहिलं.

"गाठी पुन्हा आवळा आणि पाणी मारत राहा, वाळू देऊ नका," ती वरून म्हणाली. "तोवर मी खाली येत नाही."

मी धरलं, त्याने आवळलं. मग त्याने धरलं, मी विहिरीचं पाणी आणून ओतत राहिलो. आवाज ऐकून पाद्री बाहेर आले. बाईमाणूस क्रुसाला चुना लावतंय हे बघून त्यांनी तोंड उघडलं, आणि आमची तोंडं बघून मिटलं. त्या रात्री मेव्हणा आमच्या घरी जेवला.

पाळी पुन्हा आली तेव्हा तो न बोलावता हजर झाला. या वेळी त्याने कोरड्या दोराने गाठी मारल्या, मी एकेक तपासली. मी तपासलेली प्रत्येक गाठ माझ्या मागोमाग येऊन त्याने पुन्हा तपासली. त्याचाही माझ्यावर भरवसा नव्हता. वर त्याची बहीण चढणार होती.