मशीन गप्प होते तेव्हा

आमच्या टोळीत तिला मशीन म्हणत. कांद्याची लागण करताना तिचे हात भरभर चालत आणि तोंड त्याहून भरभर. आमची कंबर धरायची, आणि ही पोरगी शब्दाला शब्द जुळवत ओणव्याने पुढे सरकायची. पारूबाई म्हणायची, "अगं, दम खा, रोपं दचकत्यात." ही म्हणे, "दम खायाला बांध हाये की, राव."

तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याचा लावायचा पट्टा, आधी संपे. मग बांधावर न बसता ती माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाने लावत यायची. समोरासमोर आलो की बजावायची, "मावशी, अर्धी पात माझी, अर्धी तुमची. सगळी मी न्हाई लावणार."

तिचे वडील जयंतीला गाणी म्हणायचे. आवाज तिकडचा. दुसऱ्याचं कान देऊन ऐकायचा गुण मात्र तिचाच.

एकदा शेतमालक छत्री घेऊन बांधावर आले आणि ओरडले, "तोंडं बंद! खाली बघून लावा." सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "खाली बघून लावते रोप, वर बघाया येतंय मला."

मशीन थांबली. "मावशी, परत म्हणा."

"काय न्हाई गं."

दुपारी भाकरी खाताना तिने वही पुढे केली. माझं शिक्षण चौथी. पेन्सिलीने ती ओळ लिहून दिली. "खाली नाव लिवा," ती म्हणाली. मी वही मिटली. शेतमालकाला कळलं तर काम जाईल, घरी बोलणी बसतील.

"ओळ तुझीच हाये, असं म्हण."

"माझी न्हाई ती," ती फटकन बोलली.

यात्रेत ऑर्केस्ट्राच्या मधल्या वेळात तिने पहिल्यांदा रॅप म्हटलं. पोरं ओरडली, "ए, कांदे निवड जा!" मग जुन्नरचं कॉलेज, मग मोबाईल, आणि गेल्या वर्षी हिंदी टीव्हीवरची स्पर्धा. परीक्षक म्हणाले, हिंदीत म्हण. ही म्हणाली, "कांदा मराठीत लावलाय." सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या.

आता त्या शेतमालकाच्या ट्रॅक्टरवर स्पर्धेतलं तेच गाणं वाजतं. आमच्या ह्यांनी मोबाईलला रिंगटोन म्हणून लावलंय. "काय डोकं हाये पोरीचं!" म्हणतात. मी भाकरी थापत राहते. राग येतो, तो माझाच मला.

कारण गाण्यात माझी ती ओळ आहे, पण मशीन ती स्वतः कधीच म्हणत नाही. तिथं आली की गप्प होते आणि माईक लोकांपुढे धरते. लोकांना ती स्टाईल वाटते. व्हिडिओत ती ओळ नुसती लिहून येते, तेवढ्यावर ती सगळ्यांना पाठ; हजार तोंडं ओरडतात.

परवा निरगुडसर गावात तिचा सत्कार झाला. ती ओळ आली आणि तिने माईक बायकांच्या बाजूला धरला. बघत होती माझ्याकडे. सगळं मैदान ओरडलं. माझं तोंड उघडलं, आवाज आला नाही.

गाडीत बसताना तिने माझा हात धरला. "मावशी, मी माझ्या टोकानं आले. तुमी कवा येणार?"

मी नुसती हसले. गाडी गेली.

आज घरात कोणी नाही म्हणून हे लिहायला बसले. ती ओळही लिहिली. खाली नाव घालायला पेन्सिल टेकवली, तोच दारात ह्यांचा मोबाईल वाजला. माणसं माझी ओळ ओरडत होती.

मी वही मिटली.