घाटाआधीचं गाऱ्हाणं

देव मानत होतो, पण तो माझ्या गावचा. जालन्याकडून इतक्या लांब, समुद्राकाठी पोटासाठी आलेल्या, सातवीत शाळा सोडलेल्या ड्रायव्हरचं इथला देव कशाला ऐकेल, असं मला वाटायचं. त्यात माझा स्वभाव मुळातच धास्तीचा.

साठ सालानंतरची गोष्ट. मालवणच्या एका शेटची भाड्याची गाडी घेऊन मी मिठबावला गेलो होतो. तिथल्या मास्तरांच्या पत्नीच्या पोटात गाठ होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावरच्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. एसटीत त्यांना बसवत नव्हतं. मागच्या सीटवर निजवून न्यायचं होतं. घरची मंडळी देवळात कौल घ्यायला गेली तेवढ्यात मी गाडीखाली शिरलो. स्टिअरिंगच्या दांडीला दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असतात, त्यांच्यावर रबरी टोप्या. खाऱ्या वाऱ्याने दोन्ही टोप्या चिरल्या होत्या. ग्रीस गळून आत वाळू गेली होती. दांडी हलवली की करकर वाजे. फोंड्याच्या घाटात वळणावर सांधा निखळला तर चाक माझं ऐकणार नव्हतं.

देवळात गेलो, तर मास्तरांचे वडील आबा खुशीत होते. "देवान उजवो कौल दिल्यान! काढ गाडी."

"आबा, देव हो म्हणाला, पण चाक हो म्हणत नाही," मी म्हणालो. "टोप्या बदलल्याशिवाय मी वहिनींना घाटात नेणार नाही."

"म्हणजे तू देवापेक्षा शहाणा?" मास्तर तडकले. त्यांचा चेहरा रात्रभर जागलेला होता. पण मी हललो नाही. सांधा अजून ढिला झाला नव्हता. धुऊन, ग्रीस भरून बंद केला तर टिकला असता. पण टोप्या कोल्हापूरशिवाय मिळणार नव्हत्या, आणि कोल्हापूर घाटापलीकडे.

आबा माझ्याकडे वळले. "मगे ह्यां देवाक सांगलंस?"

रबराच्या टोपीचं देवाला काय सांगायचं?

"देवाक सगळां सांगूक व्हया," म्हणत त्यांनी गुरवाला पुन्हा उभं केलं. गुरवाने मला विचारून विचारून गाऱ्हाणं घातलं, देऊळ दुमदुमेल अशा आवाजात. "बा देवा म्हाराजा! ह्यो परको झील तुझ्या पायाकडे इलो आसा. गाडयेच्या सांध्यावरचो रबर फाटलो, आत वाळू गेली. त्येचो इलाज दाखव म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" तो परका मुलगा म्हणजे मी; मी लाजेने मान खाली घातली.

मंडपाच्या कोपऱ्यात दशावताराची मंडळी टेकली होती. त्यांतला पेटीवाला उठून आला. "मऊ चामडां चलात?" त्याने ट्रंकेतून पेटीच्या भात्याला लावायचं मेंढीचं चामडं काढलं. हाताला रेशमासारखं. दुमडण्यासाठीच केलेलं.

मी गाडी उचलून सांधे सोडवले आणि वाळूचा कणही उरला नाही तोवर रॉकेलने धूत राहिलो. पेटीवाल्याने चामड्याला भात्यासारख्या घड्या घालून दोन टोप्या शिवल्या. ग्रीस भरून मी त्या मेणाच्या दोऱ्याने आवळल्या, नट कसले, पिना घातल्या. करकर थांबली.

"तुमच्या भात्याला काही राहिलं का?" मी विचारलं.

"आज माझी पेटी जरा धापतली," तो हसला. "तुझी गाडी घाटात धापूक नको."

घाटात प्रत्येक वळणावर मी कान लावून होतो. मागे वहिनी कण्हत होत्या, मास्तर त्यांचा हात धरून बसले होते. संध्याकाळी दवाखान्याच्या दारात उतरून टोप्या पाहिल्या. कोरड्या, घट्ट. तिथेच चाकाशी बसून मी रडलो.

पेटीवाला पुन्हा कधी भेटला नाही. त्याला तिथे कोणी बसवलं, यावर मी वाद घालत नाही. देवावर टाकायचं म्हणजे हात जोडून बसायचं, असा माझा समज होता. आता कळतं, अडलेलं ते लाज सोडून त्याच्यापुढे मोठ्याने सांगायचं आणि पाना हातातून सोडायचा नाही.

वहिनी बऱ्या झाल्यावर आबांनी देवळात नारळ ठेवला, मलाही बोलावलं. गाऱ्हाणं झालं, आणि "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मला वहिनींचा आवाज ऐकू आला. मग माझाही आवाज आपोआप फुटला.