वितीएवढा मासा

सव्वा महिना होऊन गेला. दुपारी वर्तमानपत्रांच्या रद्दीला सुतळी बांधत होते तेव्हा फोन वाजला. शिरूर अनंतपाळहून सरूबाईंची लेक कौशी बोलत होती. "बाई, आई गेली. सकाळी उठलीच न्हाई." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून उरलेले गठ्ठे बांधून टाकले. ते "बरं" मला अजून टोचतं...

नातवंडांनो, तुम्ही फोनवर विचारलंत, सरूबाई आपल्या कोण? नात्यानं कुणी नाही. तळ्यातले मासे धरून विकणाऱ्या. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं तेव्हा मी तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढत होत्या, आमच्या प्रयोगशाळेत मात्र नळ होते आणि पाणी नव्हतं. प्रात्यक्षिकाला लागणारे मासे सरूबाई एसटीनं आणायच्या, मातीच्या डेऱ्यात. मरळ मोठी चिवट, ओंजळभर पाण्यातही जगते. कंडक्टर ओरडायचा, "मावशे, पाणी सांडलं तर तुलाच पुसायला लावीन!" त्या म्हणायच्या, "पुसते की! तेवढीच तुझ्या गाडीला आंघुळ."

पाऊस ओळीनं हुकला होता. सरूबाईंचं तळं आटत आटत डबक्याएवढं उरलं. भोवतालच्या रानांत कापसावर, तुरीवर औषध फवारायचे आणि पंप त्याच डबक्यात धुवायचे. ती औषधं पुढे बंद झाली. तेव्हा दुकानात सहज मिळायची.

अशाच एका दुपारी त्या डेरा घेऊन प्रयोगशाळेत आल्या. आत हातभर लांबीची मरळ होती. "इकायची न्हाई ही," त्या आधीच म्हणाल्या, "दावायला आणली. कौशीला सातवा लागलाय." त्यांच्यात पोटुशी लेक माहेरी आली की तळ्यातली सगळ्यात मोठी मरळ तिची. गावात टँकर चार दिवसांनी यायचा, आणि पिण्याच्या पाण्यातला तांब्या रोज त्या डेऱ्यात ओतून सरूबाईंनी ती जगवली होती. मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणाले, "ही कौशीला देऊ नका. बारके मासे द्या."

"बारके? लेकीला काय टोपलीतला गाळ चारू? बाई, तुमाला लेक हाय का न्हाई?"

वर्गासाठी एक मरळ कापून ठेवली होती. तिचं पोट उघडून मी दाखवलं. आत चार बारके मासे, अर्धवट विरघळलेले. मी सांगू लागले, पाण्यात औषध थेंबभरच असतं. ते शेवाळात जातं. शेवाळ झिंगे खातात, झिंगे बारके मासे खातात, बारके मासे ही खाते. औषध पचत नाही, चरबीत साठत जातं. शंभर जिवांनी थोडं थोडं घेतलेलं हिच्या एकटीत जमा होतं.

सरूबाईंनी ट्रेमधल्या मरळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आन् हिला कौशी खानार. आन् कौशीचं दूध लेकरू पेनार." पुस्तक जिथे पोचायला एक आख्खं प्रकरण घेतं, तिथे त्या दोन वाक्यांत पोचल्या.

"तुमी बघितलं का हिच्यात इख?"

"नाही. इथे तपासायची सोय नाही. वाचलंय."

"मंग?"

"मग... नक्की नाही सांगता येत."

त्या डेरा उचलून निघून गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. पुढच्या आठवड्यात आल्या. मी विचारलं, मरळीचं काय केलं?

"खाल्ली."

"कौशीनं?"

"मी. दुष्काळात खानं टाकून देत्यात का? मला आता ना लेकरू व्हायचं ना दूध यायचं. माझ्यापशी यिऊन थांबंल ते."

तेव्हापासून त्यांनी टोपलीतले मासे वितीनं मोजायला सुरुवात केली. वितीच्या आतला मासा पोटुशीला, बाळंतिणीला. वितीबाहेरचा तिला विकायचा नाही. कुणी म्हाताऱ्यानं मागितला तर द्यायचा, उरला तर स्वतः खायचा. तुमची आई पोटात होती तेव्हा मलाही त्यांनी बारकेच दिले. मी एकदा म्हणाले, तुम्हीसुद्धा मोठे खाऊ नका. "मंग काय खाऊ, तुमचं पुस्तक?" मी हसले. पुन्हा विषय काढला नाही, आणि त्याची खंत आता वाटते आहे. उतारवयात त्यांचे हात थरथरायचे. वयानंही थरथरतात. कशानं, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. मी अर्धवट माहितीवर एक गोष्ट बोलून गेले, आणि त्यांनी ती जन्मभर पाळली.

दहावं झाल्यावर मी शिरूरला गेले. कौशी आता आजी झाली आहे, टोपली तिच्याकडेच आहे. तिनं मला बांबूची एक कामटी दिली, हाताळून गुळगुळीत झालेली. "माझा पंजा मोठा हाय, म्हनून आईनं तिच्या वितीएवढी कापली होती. मी दुसरी करून घेतलीय. ही तुमाला ठिवा."

ती माझ्या टेबलावर आहे, चष्म्याच्या डबीशेजारी. काल तिच्यावर माझी वीत ठेवून पाहिली. माझा हात दोन बोटं पुढे गेला. म्हणजे मोजायला मी बसले असते, तर त्या दोन बोटांमधले मासेही पोरीबाळींच्या ताटात गेले असते...

ते सरूबाईंनी खाल्ले.