यांची चोरटी बिडी

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमारास लग्न होऊन मी महाल भागातल्या त्या बोळात आले, तेव्हा घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या होत्या. संध्याकाळचे पाच वाजले की प्रत्येक बाई शेगडी दारात आणून पेटवायची आणि धूर संपला की आत न्यायची. धूर कुठंतरी जायलाच हवा, पण मी तो माझ्या घरात येऊ देणारी नव्हते. पुठ्ठ्यानं वारा घालायची तो नेमका समोरच्या दाराकडं. समोरची बाईही काही कमी नव्हती. तिचा पुठ्ठा आमच्या दिशेनं चालायचा.

अशात आमच्या यांना खोकला लागला. हे इतवारीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. लुगडं उलगडलं की उबळ यायची आणि गिऱ्हाईक उठून शेजारच्या दुकानात. खोकला गेला नाही तर दुसरा माणूस ठेवीन, असं शेठनं सांगून टाकलं. डॉक्टरनं औषधाची बाटली दिली आणि विचारलं, "बिडी ओढता का?" हे नाही म्हणाले. माझ्या डोक्यात मात्र संशयाचा किडा शिरला.

मग मी रोज यांचे खिसे तपासायची, सदरा हुंगायची. धुराचा वास यायचाच.

"चोरून काहून ओढता? शेठनं काढलं तं खायचं काय?" मी भांडायची. हे देवाशपथ सांगायचे. देवावर माझा विश्वास होता, यांच्यावर नव्हता.

एका संध्याकाळी समोरची बाई शेगडीला वारा घालता घालता म्हणाली, "आमचे बी बिड्या ओढून राहिले वं. सारखे खोकलतात, पण कबूल करत नाहीत."

"आमचं बी तसंच हाय," मी म्हणाले आणि ठसका लागला म्हणून पदर तोंडावर धरला. पदराला तोच सदऱ्याचा वास. मी तर बिडी ओढत नव्हते. मग तिलाही तिचा पदर हुंगायला लावला. त्यालाही तोच वास. त्यांच्या घरातला खोकला मी पाठवलेला होता आणि आमच्या घरातला तिनं.

दुसऱ्या दिवसापासून शेगड्या उचलून आम्ही बोळामागच्या पटांगणात न्यायला लागलो. पण उशीर झाला होता. शेठनं यांना गिऱ्हाइकांपुढून उठवून मागच्या गोदामात गठ्ठे बांधायला लावलं, तेही कमी पगारावर. मला फार वाईट वाटलं आणि संशय घेतल्याबद्दल मी यांची माफी मागितली. माझ्या पुठ्ठ्याची गोष्ट तेवढी सांगितली नाही.

पुढं गॅस आला, तरी यांचा खोकला गेला नाही. एकदा मी पाठ चोळत होते तर म्हणाले, "एवढी बोलणी खायचीच होती, तं दोन बिड्या ओढूनच घ्याच्या होत्या वं."

"आता आणून देऊ का?" मी विचारलं.

हे हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा उबळ आली.