शून्यावर न येणारा काटा

सुरतजवळ भेस्तानच्या कापड रंगवणाऱ्या मिलमध्ये मामा टाक्या साफ करायचा आणि मी मीटर बघायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शेठने परदेशातून एक नवलाईचा मीटर मागवला होता. नळी कापायची नाही, बाहेरूनच तिला दोन डब्या बांधायच्या. कानाला ऐकू न येणारा आवाज या डबीतून त्या डबीत आणि उलटही धाडायचा. आत काही वाहत असेल तर प्रवाहाबरोबर आवाज लवकर पोहोचतो, उलटा जाताना रेंगाळतो. त्या फरकावर काटा हलतो. मला त्याचा भारी गर्व होता.

त्या दुपारी कापड उकळायची टाकी रिकामी करून धुतली होती. तळ खरवडायला मामा आत उतरणार होता. चपला त्याने शिडीपाशी काढून ठेवल्या. टाकीत कॉस्टिक, म्हणजे कातडी जाळणारा सोडा, आणणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह बंद होता, तरी तिच्यावरच्या मीटरचा काटा शून्याच्या जरा उजवीकडेच.

"ए कांटो तो रोज एटलो ज होय छे," सुपरवायझर म्हणाला.

रोज तेवढा असतो, हे खरंच होतं. आम्ही सगळे ती यंत्राची खोड समजायचो. पण मामाचा एक पाय टाकीच्या तोंडात गेलेला पाहिला आणि मी ओरडलो.

"मामा, थांब. मझार जाऊ नको."

"तू सांगस तव्हयच जासू," म्हणत मामा शिडीवर थांबला.

सुपरवायझर घड्याळ दाखवू लागला. मी त्याच्यावर खेकसलो; नोकरी गेली तर गेली. दोन्ही डब्यांच्या वायरी काढून हिची तिला, तिची हिला लावायला घेतल्या. खोड यंत्राची असेल तर काटा उजवीकडेच राहणार. नळीत खरंच काही वाहत असेल तर तो डावीकडे जाणार. शेवटचा स्क्रू पिळून मी काट्याकडे पाहिलं.

काटा हलला. शून्य ओलांडून डावीकडे जाऊन थांबला.

बंद व्हॉल्व्हमधून कॉस्टिक टाकीत झिरपत होतं. मी मामाला दंडाला धरून शिडीवरून खाली ओढलं. सुपरवायझर काहीतरी समजावत होता, पण संतापाने मला ऐकूच येईना.

मामा खाली बसून तळपाय चोळू लागला. "मांगला टाईमले पायना सालटा निंघनथात," तो म्हणाला. "माले वाटनं, नवी चप्पल चावनी व्हई."

ती चप्पल मी माझ्या पहिल्या पगारातून घेऊन दिली होती. म्हणूनच पायाची सालं निघाली तरी तो कुणाला काही बोलला नव्हता.