शेळीची भाकणूक

परवा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कडक भाकरीचं पाकीट विकत आणलं. ओट्यावर ठेवलं आणि एकटीच हसत बसले. सोलापुरात भाकरी विकत मिळेल, हे माझ्या आत्यानं साठेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. मात्र आशीर्वाद म्हणून नव्हे, धमकी म्हणून.

आत्या लहान वयातच विधवा होऊन आमच्याकडे आली. माझी आई मला आठवतही नाही. मला वाढवलं ते आत्यानंच, आणि तिचा तोंडाचा पट्टा माझ्या वाढीइतकाच जोमात चालू होता. ती आणि वडील मंगळवेढ्याकडचे. वडिलांची भाषा शहरात येऊन थोडी सुधारली, आत्याची तसूभरही बदलली नाही. भाकरी थापता थापता ती जगाचं भविष्य सांगायची. मुली शिकल्या तर काय काय होईल, हा तिचा आवडता विषय. बायका उघड्या डोक्यानं रस्त्यानं फिरतील. पुरुषांसमोर खुर्चीवर बसून चहा पितील. नवरे सकाळी उठून चूल पेटवतील. भाकरी दुकानातून आणतील. आणि शेवटचं, सगळ्यांत भयंकर, ती हात थांबवून सांगायची: "घराला कुलूप लावून बाई एकटी आगगाडीत बसंल."

मला ते ऐकून भीती वाटायची नाही. उलट आगगाडीचं ऐकलं की मी मनातल्या मनात खिडकीशी जागा धरायची. पण माझी मराठी चौथी संपत आली होती, आणि आमच्या पेठेत मुलीचं शिक्षण तिथंच संपत असे. मला इंग्रजी शाळेत जायचं होतं. आत्याला मी घरात हवी होते. वडील दोघींचं ऐकून मान डोलावत आणि बाजारात निघून जात. ते वर्ष असंच गेलं असतं तर मी आज कुणाच्या तरी सुना-नातवंडांत बसून दुसऱ्याच गोष्टी सांगत असते.

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत होमाच्या दिवशी वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढं धान्यं, गूळ, बोरं, गाजरं मांडतात. ते ज्याला आधी तोंड लावील ते त्या वर्षी महागणार, असा अर्थ काढतात. आमच्या घरी या गोष्टीची थट्टा चालत नसे, कारण वडील बाजारात धान्य-गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. वासरानं गुळाला तोंड लावलं की दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारात गुळाच्या ढेपांची हलवाहलव सुरू व्हायची. महागणार ते आधीच भरून ठेवायचं, एवढं एकच शास्त्र वडिलांना पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी होमाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनी आमची स्वतःची भाकणूक मांडली. शेजारी एक विणकर कुटुंब होतं. त्यांची मुलं घरात तेलुगू बोलत आणि आमच्याशी मराठी. त्यांच्या शेळीला आम्ही सकाळपासून काही खाऊ दिलं नाही. संध्याकाळी आमच्या दारात तिच्यापुढं मूठभर ज्वारी, थोडी तूर आणि गुळाचा खडा ठेवला. मांडणी फारच भिकार दिसायला लागली म्हणून मी माझं चौथीचं पुस्तक आणून ठेवलं. शेळीनं ज्वारीकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ पुस्तकाला भिडली आणि आम्ही ओढून घेईपर्यंत पुठ्ठा आणि पहिला धडा तिच्या पोटात गेला होता. शेजारी सुताला लावायला पिठाची खळ शिजवत, त्याच खळीनं मी पुस्तकाला कव्हर चिकटवलं होतं. शेळीला त्याचा वास आला असणार, हे मला तेव्हाही कळलं. पण वासराला कुणी असली कारणं विचारत नाही, मग शेळीलाच का विचारायची?

आत्या उंबऱ्यात ज्वारी पाखडत बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. वडील तेवढ्यात घरी आले आणि पाय धुवायला बसले. आत्यानं सूप खाली ठेवलं.

"बघितलंस का? शिक्षान महागणार हाय. आता पोरीला घरी बसव."

मी उरलेलं पुस्तक छातीशी धरून उभी होते. मला रडू फुटलं, आणि ते पुस्तकासाठी नव्हतं. आत्यानं घरी बसव म्हटलं की वडील मान डोलावतात, हे मला माहीत होतं. या वेळी त्यांनी मान डोलावली नाही. तांब्या तसाच हातात धरून ते जरा वेळ शेळीकडं बघत राहिले. दुकानात भाव ऐकताना त्यांचा चेहरा असायचा, तसाच होता.

"महागणार म्हणतीस," ते म्हणाले, "मग आत्ताच भरून ठेवायला पाहिजे की."

आत्याला वाटलं थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन इंग्रजी शाळेत गेले, मोठ्या बाईंना भेटले आणि जूनसाठी माझं नाव सांगून आले. तिथून बाजारात गेले. पेठेतला एक मुलगा नुकताच मॅट्रिक झाला होता, त्याची इंग्रजी पहिलीपासूनची, म्हणजे आजच्या पाचवीपासूनची, सगळी पुस्तकं त्यांनी एकदम उचलली आणि ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात भरून हमालाच्या डोक्यावर घरी आणली. ते पोतं माळ्यावर ज्वारीच्या पोत्याशेजारी चढलं. आत्या खालून बघत होती. भरलेला माल परत करायचा नसतो, हे दिवाणजीच्या बहिणीला सांगावं लागलं नाही.

वडिलांचा भाकणुकीवर खरंच विश्वास होता, की बहिणीचं तोंड बंद करायला त्यांना शेळी सापडली होती, हे मला आजवर कळलेलं नाही. पुढं स्थळं यायला लागली तेव्हाही त्यांचं उत्तर एकच असे, "अजून माल संपला नाही." पाहुण्यांना त्यातलं काही कळत नसे. आत्या आतून भांडी आपटायची आणि मी माळ्यावर चढून पोत्यातलं पुढच्या इयत्तेचं पुस्तक काढायची. पुस्तकांना ज्वारीचा वास यायचा. मला आजही नवं पुस्तक त्या वासाशिवाय अपुरं वाटतं.

आमच्या गल्लीत भविष्य सांगणारे आणखीही होते. एक वकील कट्ट्यावर बसून वर्तमानपत्र वाचून दाखवत. पन्नास वर्षांनी माणूस जेवणाऐवजी गोळी खाईल, घराघरांच्या गच्चीवर विमानं उतरतील, सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे कधीच बंद पडणार नाहीत, असं ते सांगत. सगळे माना हलवत. आज गिरण्यांची धुराडी मुकाट उभी आहेत, याचं मला वाईट वाटतं. गच्चीवर वाळवण असतं, आणि गोळी मी रक्तदाबाची घेते, तीही भाकरी खाल्ल्यावर. वकीलसाहेबांचं एकही भाकीत खरं झालं नाही. आत्याचं एकही चुकलं नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेला आम्ही मुली मोजक्याच होतो. आत्या रोज माझ्याबरोबर यायची. पोरीला राखायला येते, असं सगळ्यांना सांगायची आणि परीक्षेच्या हॉलसमोरच्या कडुलिंबाखाली डबा घेऊन बसून राहायची. मधल्या सुट्टीत मी बाहेर आले की डबा उघडायची. शेवटच्या पेपराच्या दिवशी तिनं डबा लगेच उघडला नाही. झाकणावर हात ठेवून विचारलं,

"पास हुशील?"

मी हो म्हटलं.

"मंग मी म्हटलेलं समदं खरं व्हणार."

"होऊ दे की," मी म्हणाले.

मला वाटलं आता पट्टा सुरू होणार. तिनं डब्याचं झाकण काढलं, भाकरीवर शेंगाचटणी घातली आणि माझ्या हातात दिली. उपाशी पोटी काय लिहिणार, एवढंच म्हणाली. ती लढाई मी त्या लिंबाखाली जिंकले. निकाल नंतर आला तो नुसता छापील.

पुढं मला बार्शीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. एकटीनं खोली घेऊन राहायचं होतं. वडील सामान बांधत होते, आत्या कुठं दिसेना. दुपारी ती बाजारातून आली, उन्हानं तोंड लाल झालेलं. पदराखालून तिनं एक लोखंडी कुलूप काढलं, हाताएवढं जाड, आणि किल्ली माझ्या मुठीत दाबली.

"एकटी ऱ्हाणार तर कुलूप पक्कं पाहिजे," ती म्हणाली. "लई ओढून बघितलं मी. न्हाय तुटत."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. तीही रडली, आणि रडता रडता डोक्यावरून पदर घेत जा म्हणून बजावत राहिली. ते मी ऐकलं नाही.

आता मागं वळून पाहते तर सगळं जसंच्या तसं घडलेलं दिसतं. मी उघड्या डोक्यानं शाळेत गेले. हेडमास्तरांच्या समोर खुर्चीवर बसून चहा प्यायले, आणि पुढं त्यांच्याच खुर्चीत बसले. लग्न झालं ते सकाळचा चहा स्वतः करणाऱ्या माणसाशी. माझ्या आधी उठून तो अगदी शेवटपर्यंत स्टोव्ह पेटवायचा. भाकरीचं तर सांगितलंच. शेळीचंही खोटं ठरलं नाही. नात पुण्याला इंजिनियरिंग शिकते, तिच्या फीचा आकडा ऐकला की मला ती शेळी डोळ्यांपुढं दिसते आणि वडिलांनी वेळेवर माल भरला याचं समाधान वाटतं.

उद्या नातीच्या कॉलेजचं संमेलन आहे. ती नाटकात काम करते आहे आणि आजी हवीच म्हणून फोनवर हट्ट धरून बसली होती. मुलगा म्हणाला, मी न्यायला येतो. मी नको म्हटलं. पिशवीत पाकीटबंद भाकरी घेतली, शेंगाचटणी घेतली आणि दार ओढून घेतलं. कडीला आत्याचंच कुलूप आहे. किल्ली फिरवली, दोनदा ओढून पाहिलं आणि स्टेशनकडं निघाले. आगगाडीत खिडकीशी जागा मिळाली आहे.