वय न लिहिलेली माणसं

माझे वडील, अण्णा, घरातून निघून गेले आणि रुग्णालयांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या कचेरीत मी त्यांनाच शोधत बसले. त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे, म्हणून कपाळावरचा व्रण शोधायचा होता. वेळ वाचावा म्हणून सहकारी माधवीने संगणकावरच्या शोधाचे वयोगटांप्रमाणे तुकडे पाडून ते सगळे एकदम चालवले. एकेक तुकडा रिकामा परतला. मी पर्स उचलून उठले.

"थांब गं," माधवी म्हणाली, "ज्यांचं वयच लिहिलेलं नाही, ते कुठल्याच तुकड्यात आलेले नाहीत."

किती नेटकी वाटणी करतो आपण, आणि आपलं माणूस नेमकं वाटणीबाहेर राहतं.

तिने त्या नोंदी वेगळ्या काढल्या. कपाळावर व्रण एकाच्याच होता. मी त्या रुग्णालयात फोन लावला.

"आहेत," सिस्टर म्हणाली, "पण शुद्धीवर नाहीत. लगेच निघा."